नाताळचं आवतण

"बाईंची आठवण शाबूत आहे ना?" त्या माणसानं मला विचारलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

डिसेंबर नुकता लागला होता. व्हरांड्यात कोवळ्या उन्हाला म्हातारी मंडळी ओळीनं बसली होती आणि मी सकाळच्या गोळ्या वाटत होते. भानुदास खेमनर खांबाला टेकून उभा होता. परीटघडीचा पांढरा शर्ट, बोटात जाडजूड अंगठी, खिशाला अडकवलेला गॉगल. बोअरवेल खोदायच्या गाड्यांचा त्याचा धंदा होता आणि आमच्या भागात त्या धंद्यातल्या माणसाला जमिनीवरचं जेवढं दिसतं, त्याहून जमिनीखालचं जास्त दिसतं असं लोक म्हणत.

"का बरं?" मी विचारलं.

"नाही, सहजच. जुनं सगळं आठवतंय ना त्यांना, एवढंच. डॉक्टर काय म्हणतात?"

सहज विचारणारा माणूस डॉक्टरांपर्यंत जात नाही. बाईंना जे आठवायचं ते आठवतं, एवढं बोलून मी पुढच्या खुर्चीकडे वळले.

'विसावा' या वृद्धाश्रमात मी दसऱ्याच्या सुमारास वॉर्डन म्हणून रुजू झाले होते. आश्रम ख्रिस्ती लोकांच्या ट्रस्टचा. राहणारे बहुतेक मिशनच्या शाळांतून, दवाखान्यांतून निवृत्त झालेले. मी वाकचौऱ्यांची, त्यांच्या धर्मातली नव्हे. पण मला नोकरीची गरज होती आणि त्यांना इथेच मुक्कामाला राहील अशी बाई हवी होती. तेव्हा माझं वय तिशीच्या आतबाहेर. हाताखाली एक स्वयंपाकीण, एक झाडणारी, आणि डोक्यावर ट्रस्टचे अध्यक्ष डॉक्टर अमोलिक. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवून एक हकिगत सांगितली होती. माझ्या आधीच्या वॉर्डनच्या काळात एका म्हाताऱ्याला त्याचा पुतण्या दिवाळीला म्हणून घरी घेऊन गेला. भाऊबीज झाल्यावर परत आणून सोडलं. म्हातारा नवा सदरा घालून, तोंडभर हसत आला, पण त्याच्या अंगठ्यावर निळी शाई होती. जमीन गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, "नातं सांगत कुणी आलं की त्याला आधी पाणी द्या, मंदाताई. आणि तो पाणी पीत असताना त्याच्याकडे नीट बघा."

मी नीट बघत होते.

खेमनर पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, की टेकडीवरच्या बोर्डिंगच्या मेट्रनबाई इथे असतात म्हणे. त्याचं लहानपण त्या बोर्डिंगात गेलं होतं. बाईंचं नाव त्याला कधी ठाऊक नव्हतं आणि इतक्या वर्षांनी चेहराही ओळखू यायचा नाही, असं तो म्हणाला. कोण कुठे नोकरीला होतं हे मला तेव्हा कुठलं ठाऊक असायला? मी व्हरांड्यात उभी राहून मोठ्यानं विचारलं, "टेकडीवरच्या बोर्डिंगच्या मेट्रनबाई कोण?" कुणी बोललं नाही. मग अगदी शेवटच्या खुर्चीवरून सलोमीबाई मकासरे यांनी हात वर केला. "मी," त्या म्हणाल्या.

शेजारच्या दोघीतिघींनी माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपापल्या उन्हाकडे तोंडं फिरवली. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

सलोमीबाई म्हणजे आश्रमातलं सगळ्यात मुकं माणूस. त्यांना भेटायला कुणी येत नसे. पुण्याला एक भाची होती, ती ईस्टरला एक कार्ड पाठवायची. अशा बाईंच्या पायावर हा गडी डोकं ठेवतो काय, पेढे आणतो काय, दुसऱ्या खेपेला लोकरीची शाल आणतो काय! बाईही खुलल्या. तो बोर्डिंगातल्या गोष्टी काढायचा, विहिरीवरच्या चिंचेची, सकाळच्या घंटेची, आणि बाई मान डोलवून म्हणायच्या, "हो, चिंच होती." कधी त्याच्या आधी स्वतःच म्हणायच्या, "वाऱ्यानं पत्रे वाजायचे रे." तो खूश व्हायचा. पण जाताना दर वेळी तो काहीतरी बोलायचं राहिल्यासारखा फाटकाशी थांबायचा, मागे वळायचा आणि मग जीपमध्ये बसायचा.

सलोमीबाईंच्या नावावर भावाकडून आलेला जमिनीचा एक तुकडा होता. तिथून नवा बायपास जाणार अशी आवई उठली होती. मी दोन आणि दोन चार केले. म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की खरेदीखताला अडचण उरत नाही. हा माणूस त्यासाठीच डॉक्टरांची चौकशी करतोय, याबद्दल मला शंका राहिली नाही.

आमच्याकडे दूध घालणारा माणूस खेमनरच्याच गावचा निघाला. मी त्याला हळूच छेडलं. तो म्हणाला, माणूस कष्टाळू, व्यवहाराला चोख, पण सख्ख्या आईशी उभा जन्म धड बोलला नाही. म्हातारी त्याच्याच घरी राहायची, तिला खायला-प्यायला सगळं मिळायचं, पण तो तिच्या खोलीत पाऊल टाकत नसे. ती या श्रावणात वारली.

झालं. माझा संशय पक्का झाला. जन्मदात्या आईला ज्यानं दोन शब्द दिले नाहीत, तो परक्या म्हातारीला शाल कशासाठी पांघरतो?

त्यातच तो आवतण घेऊन आला. पंचवीस तारखेला बाईंना घरी जेवायला न्यायचंय म्हणाला. त्याच्या मालकिणीची फार इच्छा आहे. सकाळी नेतो, दिवस मावळायच्या आत आणून सोडतो. मी म्हटलं, अध्यक्षांना विचारावं लागेल. माझी अटकळ होती की डॉक्टर साफ नाही म्हणतील. पण ते म्हणाले, "बाईंना जायचंय का? जायचं असेल तर आपण अडवणारे कोण? तुम्ही बरोबर जा."

बाईंना जायचं होतं. त्यांनी पेटीतलं मोतिया रंगाचं पातळ काढून झाडणारीकडून इस्त्री करून घेतलं. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधली होती, ती नीट करून आणायला मला सांगितलं. एरवी आंघोळीलाही कंटाळणारी बाई रोज केसांना तेल लावून घेऊ लागली. मला त्यांची कीव येत होती आणि त्याहून जास्त धास्ती वाटत होती.

नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब गाणाऱ्या मंडळींना घेऊन आले. पेटी, ढोलकी, डोक्याला मफलर गुंडाळलेली बायापोरं. अंगणात आम्ही कागदी चांदणी टांगली होती. गाणी झाली, सगळ्यांना करंज्या वाटल्या, आणि पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी माझ्या सवयीनं उघडेच ठेवले. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात तेव्हा कुणीतरी बघायला हवं, असं मला नेहमी वाटे.

पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी मागत होते, प्रवासातल्यांसाठी मागत होते. मग ते म्हणाले, "आणि हे बापा, या वर्षी तू ज्यांना आपल्याकडे बोलावून घेतलंस, त्या आमच्या मेट्रन हन्नाबाई पारधे, ज्यांनी टेकडीवरच्या बोर्डिंगात गोरगरिबांच्या लेकरांना लहानाचं मोठं केलं, त्यांच्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो."

मी सलोमीबाईंकडे पाहिलं. तेवढ्या माणसांत आणखी एकीचेच डोळे उघडे होते. त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. त्या खाटेवर बसून वेणी घालत होत्या. दुसरी खाट मी आल्यापासून रिकामीच होती. तिच्यावर कोण होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तुम्ही मेट्रन नव्हता," मी म्हणाले.

"नव्हते. मी शिवणाच्या वर्गावर होते. जालन्याकडे."

"आणि हन्नाबाई?"

त्यांनी हनुवटीनं रिकाम्या खाटेकडे दाखवलं.

म्हणजे चिंच, घंटा, वाऱ्यानं वाजणारे पत्रे, सगळं या खाटेवरून त्या खाटेवर आलेलं. मी तिथेच त्यांना फैलावर घेतलं. त्या माणसाला का फसवता, त्याचे पेढे कुठल्या तोंडानं खाता, मेलेल्या बाईच्या नावावर मान घेताना काही वाटत नाही का, असं बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वेणीला गाठ मारली आणि म्हणाल्या, "नाताळापर्यंत दम धर, मंदा. मग तुला त्याला जे सांगायचं ते सांग."

"आणि नाताळाला काय होणार आहे?"

मुकं माणूस पुन्हा मुकं झालं.

मधल्या दिवसांत खेमनर आला नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं. कारण मी त्याला काय सांगणार होते? तो लबाड असेल तर म्हातारी चोरावर मोर निघाली होती. तो लबाड नसेल तर ती एका भल्या माणसाला नागवत होती. दोघांपैकी कुणावरही माझा विश्वास नव्हता. पाळकसाहेबांच्या प्रत्येक वाक्यात विश्वास हा शब्द यायचा. मला तो नोकरीतला सगळ्यात महाग शब्द वाटायचा. न बोलता बरोबर जायचं, दोघांवर डोळा ठेवायचा आणि कागद किंवा शाई दिसली की बाईंना उचलून परत आणायचं, असं मी ठरवलं.

नाताळच्या सकाळी उपासना आटोपल्यावर जीप आली. खेमनर स्वतः चालवत होता. बाईंना चढता येईना, तर त्यानं घरून लाकडी पाट आणला होता. मी मागे बसले होते. आरशात त्याचे डोळे दिसत होते आणि ते रात्रभर जागलेले होते.

घर मळ्यात होतं. नवं, स्लॅबचं. दारावर मोठी लाल चांदणी टांगलेली. खेमनर जातीनं धनगर, आणि धनगराच्या घरावर नाताळची चांदणी पाहून मला नवल वाटलं. त्याची बायको यमुना पाणी घेऊन आली, बाईंच्या पाया पडली. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून दर वर्षी हे ही चांदणी लावतात. भावकी हसते, पण ऐकत नाहीत.

बाईंना ओसरीवर आरामखुर्चीत बसवलं आणि मी मदतीच्या निमित्तानं आत गेले. खरं तर मला घर बघायचं होतं. वकील, दलाल असं कुणी येऊन बसलंय का, हे पाहायचं होतं. कुणी नव्हतं. चुलीवर मटणाचा रस्सा रटरटत होता आणि यमुना भाकरी थापत होती. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक बाज, भिंतीला टांगलेली काळी घोंगडी आणि तिच्याखाली म्हातारीचा हार घातलेला फोटो.

"सासूबाई?" मी विचारलं.

यमुनेनं भाकरी तव्यावर टाकली. ती सावकाश बोलू लागली. तिला कुणाला तरी सांगायचंच होतं, असं मला वाटलं.

भानुदासचा बाप तो लहान असतानाच वारला. आई मेंढरांमागे रानोमाळ हिंडायची. पोरगं शिकावं म्हणून तिनं त्याला बोर्डिंगात घातलं आणि सांगितलं, नाताळच्या सुट्टीला न्यायला येते. सगळ्या पोरांची माणसं आली. हा फाटकाशी बसून राहिला, दिवस मावळेस्तोवर. आई आली नाही. उन्हाळ्यात ती आली तेव्हा हा तिच्याबरोबर गेला नाही. तोंडच फिरवलं. ते जे फिरवलं ते फिरवलंच. पुढे मोठा झाला, कमवायला लागला, आईला घरी आणलं, पण मनातली गाठ सुटली नाही.

"श्रावणात सासूबाईंनी हातरूण धरलं," यमुना म्हणाली. "शेवटाला यांना जवळ बोलावलं. म्हनल्या, 'भान्या, मी आल्ते रं त्या वक्ताला. मला माघारी लावलं.' आन हे काय बोलावं? हे म्हनले, 'मरताना तरी खोटं बोलू नको.'" तिनं भाकरी उलटली. "दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. तवापासून यांना झोप न्हाई. त्या बाईला इचारल्याबिगर मला गत न्हाई म्हनत्यात. जात्यात, बसत्यात, आन न इचारता माघारी येत्यात."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. आठवण शाबूत आहे ना, डॉक्टर काय म्हणतात, फाटकाशी थांबणं, मागे वळणं, सगळं माझ्यापुढे उलगडलं, आणि मला एकदम भीती वाटली. पण ती आता खेमनरची नव्हती. बाहेर आरामखुर्चीत जी बाई बसली होती, ती त्या बोर्डिंगात कधी गेलीच नव्हती. तिनं 'आली नव्हती' म्हटलं तर हा माणूस मेलेल्या आईला खोटारडी ठरवणार. 'आली होती' म्हटलं तर जन्मभर स्वतःला खाणार. आणि दोन्हीला आधार कशाचा? दोन पुडे पेढ्यांच्या लोभानं हात वर करणाऱ्या म्हातारीच्या शब्दाचा.

जेवायच्या आधीच त्याला बाजूला घेऊन सांगावं असं मी ठरवलं. पण पानं वाढली गेली होती. बाईंना दात नव्हते म्हणून यमुनेनं भात मऊ शिजवला होता आणि खेमनर स्वतः तो रश्शात कुस्करून देत होता. बाई खाली मान घालून जेवत होत्या.

जेवणं झाली. बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. खेमनर त्यांच्या पायाशी ओसरीवर मांडी घालून बसला, एवढा मोठा गडी, शाळेतल्या पोरासारखा.

"बाई, एक विचारायचंय," तो म्हणाला. "इतके दिवस विचारीन म्हणत होतो, धीर झाला नाही."

"खेमनर, जरा थांबा," मी म्हणाले. त्याला ऐकूच गेलं नाही.

"पहिल्या वर्षी नाताळाला माझी आई मला न्यायला येणार होती. ती आली नाही, असं तुम्हीच मला सांगितलंत. मी फाटकाशी बसलो होतो, तुम्ही मला हाताला धरून आत नेलंत." तो थांबला. "ती आली होती का, बाई?"

सलोमीबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. मी बोलले असते तरी त्यांनी अडवलं नसतं.

"आली होती," त्या म्हणाल्या.

यमुना दारात येऊन उभी राहिली.

"सकाळीच आली होती. तुम्ही पोरं चर्चमध्ये होता. तिला फाटकावरूनच परत पाठवलं. तुला कळू दिलं नाही."

डोळे मिटून खेमनरनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. मग त्यानं एकच शब्द विचारला.

"का?"

बाईंनी बोलायला तोंड उघडलं. मी जवळ होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या ठिकाणी शोभेल अशी कितीतरी उत्तरं होती. पोर रुळत होतं, आईला बघून पुन्हा बिथरलं असतं. बोर्डिंगच्या साहेबांचा तसा नियम होता. तुला ताप होता. कुठलंही दिलं असतं तरी त्यानं ते पदरात घेतलं असतं आणि कदाचित त्याला त्या दिवशी झोपही लागली असती. बाईंनी तोंड मिटलं.

"ते मला ठाऊक नाही, भानुदास," त्या म्हणाल्या. "मी ती नव्हे."

त्याला कळायला वेळ लागला. बाई हळूहळू बोलत होत्या, पण थांबल्या नाहीत. मेट्रनबाई हन्ना पारधे. आम्ही एका खोलीत राहायचो. उन्हाळ्यात ती गेली. शेवटच्या दुखण्यात तिला दुसरं काही सुचत नव्हतं, पुन्हा पुन्हा हेच काढायची. इतक्या लेकरांना तिनं न्हाऊमाखू घातलं, पण डोळ्यांपुढे एकच यायचं, फाटकाशी बसलेलं. किती तरी वेळा तिनं मला सांगितलं. पण 'का'पाशी आली की भिंतीकडे तोंड करायची. मी विचारलं तरी बोलायची नाही. तिला स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मला म्हणाली, सलोमी, तो पोरगा, तो भानुदास, कधी आला तर त्याला सांग, त्याची आई आली होती.

"म्हणून सांगितलं," बाई म्हणाल्या. "त्यापुढचं माझ्याजवळ नाही. रचून सांगवेना."

खेमनरनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"या मेट्रन नव्हेत, एवढं माहीत होतं," मी म्हणाले. "बाकीचं नाही."

तो उठला. अंगणात गेला. पाठमोरा, कंबरेवर हात ठेवून उसाकडे बघत उभा राहिला. यमुना पदर तोंडाला लावून जागच्या जागी बसली. मला वाटलं, आता हा माणूस आम्हाला हाकलून देईल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या.

बऱ्याच वेळानं तो पायरीपर्यंत आला. वर चढला नाही.

"एकटीच होती?" त्यानं विचारलं. "आई. फाटकाशी."

"एकटीच," सलोमीबाई म्हणाल्या. "घोंगडीत कोकरू होतं तिच्या. नुकतं झालेलं. तुला दाखवायला आणलं होतं. हन्ना म्हणायची, ती बाई वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तरी ते कोकरू ओरडत होतं, ते बराच वेळ ऐकू येत होतं."

खेमनर पायरीवर बसला. आमच्याकडे पाठ करून. त्याचे खांदे हलू लागले तेव्हा यमुना उठली, त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी आत जाऊन उगाचच भांडी आवरू लागले.

दिवस मावळायच्या आत त्यानं आम्हाला आणून सोडलं, कबूल केल्याप्रमाणे. उतरताना पाट लावला, बाईंचा हात धरला, त्या जमिनीवर नीट उभ्या राहिल्याची खात्री केली आणि जीप वळवून निघून गेला.

मी बाईंना खोलीत नेलं. पातळाच्या पिना काढायला त्यांचे हात पोचत नव्हते, त्या मी काढत होते. शेवटी मला राहवलं नाही. मी विचारलं, की हन्नाबाईंचा निरोपच द्यायचा होता तर पहिल्याच दिवशी का दिला नाहीत? मी मेट्रन नाही, पण तिचा निरोप आहे, असं म्हणायला काय हरकत होती?

त्या खाटेवर बसल्या. मग म्हणाल्या, "हन्नाला शब्द दिला होता, हे खरंच. पण त्या दिवशी मी हात वर केला तो हन्नासाठी नव्हे, मंदा. तू विचारलंस आणि मला वाटलं, कुणीतरी कुणाला तरी शोधत आलंय. निरोप दिला असता तर तो तिथूनच परत गेला असता." त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. "उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले. पेढे गोड लागत होते."

इतके दिवस मी त्यांच्याबद्दल जो संशय घेतला होता, तो खोटा नव्हता, आणि तरीही त्यातलं काहीच खरं ठरलं नव्हतं. डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी एवढंच कळवलं, की बाई सुखरूप जाऊन आल्या.

खेमनर आता पुन्हा यायचा नाही, अशी माझी खात्री होती. बाईंनी शाल घडी करून पेटीच्या तळाशी ठेवून दिली. नवं वर्ष लागलं, अंगणातली कागदी चांदणी दवानं लोळागोळा झाली ती मी उतरवली. संक्रांत होऊन गेली. आणि एका दुपारी जीप फाटकाशी उभी राहिली. यमुना बरोबर होती.

त्यानं मला नमस्कार केला आणि हन्नाबाईंना कुठे पुरलंय ते विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मी सलोमीबाईंना बोलावलं. त्या व्हरांड्यात आल्या, त्याला पाहून दाराशीच थबकल्या. मग तो पुढे झाला आणि म्हणाला, "चला मावशी, दाखवा."

कबरस्तान आश्रमाच्या मागच्या अंगाला, ओढ्यापलीकडे होतं. आम्ही चौघंही चालत गेलो. बाईंचा हात यमुनेनं धरला होता. हन्नाबाईंची कबर अजून बांधलेली नव्हती, मातीचा उंचवटा, त्यावर सुकलेलं गवत आणि नाव रंगवलेला लाकडी क्रूस. बाईंनी लांबूनच बोट दाखवलं आणि त्या बाभळीखाली थांबल्या. यमुनाही थांबली.

खेमनर एकटा पुढे गेला. कबरीच्या पायथ्याशी तो किती तरी वेळ उभा होता. माझी सवय सुटलेली नव्हती, मी बघत होते. तो कबरीला शिव्या देईल की तिच्यापुढे रडेल, काही सांगता येत नव्हतं. त्यानं दोन्हींतलं काही केलं नाही. फुलं आणली नव्हती. हातही जोडले नाहीत. पण मी नीट पाहिलं तेव्हा दिसलं, की काट्याकुट्यांच्या त्या रानात त्यानं पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या.